आमचं काम झालं

आईने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज मी रात्री साडेदहाला वाचला. बी निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज, उद्या सकाळी ऑपरेशन, हॉस्पिटलचं नाव, मोबाइल नंबर आणि त्याखाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. माझा गट बी निगेटिव्ह. आईने मेसेजखाली माझं नाव लिहून 'बघ गं' एवढंच जोडलं होतं. हॉस्पिटल पुण्यातलंच, आमच्या धनकवडीहून रात्रीच्या वेळी फार तर अर्ध्या तासाचं. गॅसवर दूध होतं ते बंद केलं आणि नंबर लावला.

फोन उचलला गेला तेव्हा मागे टीव्ही चालू होता. मालिकेतल्या दोन बायका भांडत होत्या. घरचं माणूस उद्या ऑपरेशनला जाणार आणि इथे मालिका चालू, हे मला जरा खटकलं. "रक्तासाठी ना?" तो माणूसच म्हणाला. मी काही बोलायच्या आत. "आमचं काम झालं हो ताई. मेसेज जुना आहे तो, फिरतोय अजून." किती जुना, तर झाली असतील चार-पाच वर्षं. आवाजात वैताग नव्हता, दुकानदाराने 'तो माल आता येत नाही' असं सांगावं तसं सांगत होता. मधे मधे लाट येते म्हणाला, मग आठवडाभर फोन चालू राहतात. काही जण त्यालाच झापतात, मेसेज कशाला टाकता म्हणून. नंबर बदलायचा विचार केला होता, पण बँक, आधार, गॅसचं बुकिंग, सगळं त्याच नंबरावर. मग म्हणाला, "तुमचा गट कमी लोकांचा असतो. जवळच्या रक्तपेढीत देऊन टाका, कुणाच्या तरी उपयोगी येईल. फोन केलात, थँक्यू." आणि ठेवला.

'काम झालं' म्हणजे काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

दूध पुन्हा तापत ठेवलं. आईला कळवलं, जुना मेसेज आहे. तिने लगेच उत्तर दिलं, "असू दे, दुसऱ्या कुणाला लागेल." या वाक्याला काय म्हणायचं ते मला त्या रात्रीही कळलं नाही. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तो माणूसही जवळजवळ तेच म्हणाला होता. तरी डोक्यात काहीतरी टोचत राहिलं, आणि झोप यायच्या आधी आठवला तो मिरजेतला फळा.

मिरज हे दुखण्याचं गाव आहे, आणि हे आम्ही मिरजकर अभिमानाने सांगतो. अथणी, चिकोडी, जत, विजापूर, कुठेही माणूस फार आजारी पडला की 'मिरजेला न्या' हे वाक्य कन्नडमध्ये आणि मराठीत सारख्याच सुरात बोललं जायचं. स्टेशनवरून उतरणाऱ्या माणसांमध्ये सतारीच्या दुकानांकडे जाणारा एखादा असे, दर्ग्याकडे जाणारे काही, आणि बाकीचे हातात घडी घातलेली चादर, तांब्या आणि एक्स-रेचं पिवळं पाकीट घेऊन हॉस्पिटलांच्या दिशेला चालत. वडिलांचं औषधांचं दुकान अशाच एका बोळाच्या तोंडाशी होतं. दुकानात डेटॉलचा, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचा आणि पलीकडे नातेवाइकांनी पेटवलेल्या स्टोव्हच्या रॉकेलचा मिळून एक वास असायचा. बी-कॉम्प्लेक्सची बाटली उघडली की मला अजून मिरज आठवते.

दुकानाच्या फळीला दोन हातांचा काळा फळा टांगलेला असे. औषधांच्या भावासाठी टांगला होता, पण त्यावर लिहिलं जायचं ते रक्ताचं. 'ओ पॉझिटिव्ह, दोन बाटल्या, आज रात्री, वॉर्ड अमुक.' पिशव्या येऊन जमाना झाला तरी आमच्याकडे सगळे बाटलीच म्हणत. लिहायला येणारा नातेवाईक बहुतेकदा लिहिता न येणारा असायचा, मग वडील लिहून देत, आणि तो माणूस फळ्याशेजारी उभा राहायचा. तिथून हलायचाच नाही. त्याला वाटायचं आपण हललो तर खडू पुसला जाईल. चहा प्यायला येणारी पोरं, एसटीची वाट बघणारे, कॉलेजातून सायकलीवर परतणारे, फळा वाचत आणि मग त्याच्याकडे बघत. बघितल्यावर नाही म्हणणं जड जायचं. काही जण म्हणूनच त्या बाजूने जायचं टाळायचे, हेही मी पाहिलंय. त्या काळी माणुसकी जास्त होती वगैरे मला मुळीच म्हणायचं नाही.

कारण त्याच बोळात रक्त विकणारेही होते. त्यांचे चेहरे वडिलांना पाठ होते. हडकुळे, पिवळट डोळ्यांचे, दर थोड्या दिवसांनी वेगळ्या नावाने येणारे. कर्नाटकातून आलेल्या, गावात कुणीही ओळखीचं नसलेल्या शेतकऱ्याने काय करायचं? तो पैसे मोजायचा. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्ताची विक्री बंद झाली. कायद्याने चांगलंच केलं, कावीळ आणि एड्स किती जणांना त्या बाटल्यांतून गेले असतील कुणास ठाऊक. पण त्या शेतकऱ्याच्या अडचणीचं उत्तर निकालात कुठे असणार? त्याला रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा आणा, असं सांगितलं जाऊ लागलं. आणायचा कुठून? वडील मग इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर माणूस पाठवत. रेक्टरच्या वहीत मुलांची नावं आणि रक्तगट लिहिलेले असत. वही चाळून दोन मुलांना झोपेतून उठवलं जायचं, आणि ती कुरकुरत, सायकलीवर डबलसीट यायची. कुरकुर महत्त्वाची आहे. कुणी त्यांना थोर वगैरे म्हणत नसे. परत जाताना वडील एक एक पार्ले-जीचा पुडा द्यायचे.

काम झालं की वडील ओल्या फडक्याने ती ओळ पुसत. दुकान बंद करायच्या आधी फळा कोरा केलाच पाहिजे असा त्यांचा नेम होता.

नंतर सगळं भराभर झालं. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मी टीव्हीसमोर बसून खालच्या पट्टीतले हॉस्पिटलांचे नंबर वाचत होते आणि फोन लागत नव्हते, तरी हॉस्पिटलांबाहेर रक्त द्यायला रांगा लागल्या. फेसबुकच्या आधीचं ऑर्कुट तेव्हा होतंच. तिथे रक्तदात्यांच्या कम्युनिट्या होत्या, स्क्रॅप, म्हणजे तिथला मेसेज, टाकला की दोन दिवसांनी कुणीतरी वाचायचं, पण निदान टाकणाऱ्याचं प्रोफाइल उघडून बघता यायचं, हा कुठला, कुठे शिकला, याचे मित्र कोण. 2014 च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद झालं तोवर मंडळी फेसबुकवर गेली होती आणि तिथूनही व्हॉट्सअॅपवर. फेसबुकने 2017 मध्ये भारतात रक्तदात्यांची नोंदणी सुरू केली, तीही मी केली होती. पण आमच्या घराण्यात रक्त म्हणजे व्हॉट्सअॅप. काका, मावशा, चुलत-आते-मामे सगळ्यांना एकदम मिळालेला हा पहिला फळा. फक्त शेजारी उभा राहणारा माणूस त्यात नव्हता.

आणि त्या फळ्यावर दुसरंही लिहिलं जात होतं. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, हे मेसेज त्याआधी कितीतरी दिवस फिरत होते. आमच्या ग्रुपवरही आले होते. त्या मेसेजांच्या आगेमागे रक्ताचा एक मेसेज होता आणि संत्र्याच्या सालीचे फायदे होते. तिन्ही पाठवणाऱ्या आत्या एकच, आणि तिन्ही वेळा त्यांचा हेतू एकच: पोरांचं भलं व्हावं. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2020 च्या एप्रिलमध्ये आणखी कडक केलं, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. दोन बाण दिसले की समजायचं, हा बऱ्याच हातांतून आलाय. आई यावर तोडगा शिकली. ती मजकूर कॉपी करते आणि नव्याने पेस्ट करते. बाण जातात, मर्यादा जाते, आणि चार वर्षांपूर्वीचं 'उद्या सकाळी ऑपरेशन' नव्या कोऱ्या अक्षरांत हजर होतं.

तिला मी त्यावरून बोलले आहे. पण आईची बाजूही सांगितली पाहिजे. ती इन्सुलिन घेते, वजन चाळीसच्या आसपास, तिचं रक्त कुणी घेणार नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणी उत्साहाने शिबिरात जातात आणि बोट टोचून घेऊन परत येतात, कारण हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बायकांच्या देशात रक्तदात्यांमध्ये बायका कमी असतात यात नवल ते काय. त्यांच्या हातात पुढे पाठवणं एवढंच असतं. वडील गेल्यावर दुकान बंद झालं, फळा कुठे गेला माहीत नाही, आणि आईला मुलाने फोन घेऊन दिला. ती तिच्या परीने दुकान चालवते आहे, असं मला कधी कधी वाटतं. मग राग येत नाही. मग पुन्हा तसाच एखादा मेसेज येतो आणि येतो.

जी माणसं देऊ शकतात त्यांचं काय, हा प्रश्न मी एका मैत्रिणीला विचारला. ती सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होती, नुकतीच निवृत्त झाली. ती हसायलाच लागली. "अगं, रक्त कमी नाही पडत, वेळ चुकते," म्हणाली. महाराष्ट्रात शिबिरं उदंड. पुढाऱ्याचा वाढदिवस, गणपती, पुण्यतिथी, सगळी एकाच पंधरवड्यात. एका दिवसात शेकडो पिशव्या. तांबड्या पेशी पस्तीस-बेचाळीस दिवस टिकतात, पण प्लेटलेट पाचच दिवस, आणि त्याही सतत हलत्या ट्रेवर ठेवून. मग मे उजाडतो. कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं नाहीत, आणि शीतपेट्या रिकाम्या. दिवाळीतही तेच. मी म्हटलं, तेव्हा मेसेज फिरतात. ती म्हणाली, फिरतात, आणि एका पेशंटसाठी वीस जण येतात. एकोणीस जणांना आम्ही म्हणतो, आलाच आहात तर देऊन जा. त्यातले निम्मे म्हणतात, नाही, ज्यांच्यासाठी आलो त्यांनाच द्यायचं होतं. तिने ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं असावं की तिला नक्कल नीट येत होती.

तिच्याकडे थॅलेसेमियाची मुलं यायची. दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त, जन्मभर. त्यांच्या आया वॉर्डात स्वेटर विणत, डबे बदलत, एकमेकींच्या मुलांचा अभ्यास घेत बसायच्या. "त्यांचा मेसेज कधी आला का तुला?" तिने विचारलं. आला नव्हता. येणार कसा? तातडीची काय ती गरज फिरते. ठरलेल्या तारखेला, दर महिन्याला, कुठल्याही गोंधळाशिवाय लागणाऱ्या रक्तात कुणाला वाचवल्याचा थरार नाही. फोटोही काय काढणार?

फोटोवरून आठवलं. शिबिरात आता हातात चेंडू दाबतानाचा फोटो घेतला नाही तर देणाऱ्यालाच चुकल्यासारखं होतं. मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर वाढदिवसवाले साहेब, बाजूला हेल्मेट किंवा कूल बॅग. भेटवस्तू देऊ नका असं सांगून झालंय, तरी चालतं. 2020 च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या एका शिबिराने रक्तदात्याला किलोभर चिकन जाहीर केलं होतं, शाकाहारी असल्यास पनीर. सगळीकडे त्यावर विनोद झाले, मीही फॉरवर्ड केले. पण टाळेबंदीने शिबिरं बंद पडून रक्ताची खरोखर टंचाई होती, आणि चिकनासाठी आलेल्याचं रक्त पेशंटला कमी चालतं असं काही नाही. वडिलांचा पार्ले-जीचा पुडा मला गोड वाटतो आणि हे चिकन बाजारू, यात माझा वाटा किती आणि तत्त्वाचा किती, याचा निकाल मला लावता आलेला नाही.

2021 चा एप्रिल-मे मात्र वेगळाच होता. त्या दोन महिन्यांत हे माध्यम कशासाठी आहे ते कळलं असं वाटलं होतं. ऑक्सिजन बेड, रेमडेसिविर, कोरोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा. कॉलेजातली मुलं रात्र रात्र एकेक नंबर फिरवून बघत आणि खाली वेळ टाकत: 'सायं. 6.10 ला खात्री केली.' काम झालं की मेसेज खोडत. कुणीही न शिकवता ती पोरं ओळी पुसायला शिकली होती. 17 मे ला प्लाझ्माच उपचारांतून वगळला गेला, त्याचा फार उपयोग नाही म्हणून. ज्याच्यासाठी लोक दोन जिल्हे ओलांडून आले होते ते एका परिपत्रकाने संपलं. आमच्या भागातला तेव्हाचा मदतीचा ग्रुप अजून आहे. त्याचं नाव दोनदा बदललं. आता तो प्रभागातल्या एका इच्छुक उमेदवाराच्या नावाने चालतो आणि त्यावर रोज सकाळी त्यांचा नमस्कार येतो. बाहेर पडावं तर तिथे एक चांगला गवळीही आहे.

तर असं. राज्य सरकारने 2014 मध्ये 104 नंबरवर रक्त मागवायची सोय केली होती, 'जीवन अमृत' नावाची. मोटरसायकलवरून पिशवी हॉस्पिटलात पोहोचवायचे. ती सेवा बंद झाली. तिचा मेसेज मात्र बंद झाला नाही. त्यात तर ती साऱ्या देशात चालू आहे. उलट ई-रक्तकोश नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते तिथे दिसतं, त्याची लिंक मला आजवर एकाही नातेवाइकाने पाठवलेली नाही. त्यात जोडलेले हात नाहीत म्हणून असेल.

तरीही या फळ्याला नुसतं मोडीत काढता येत नाही. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक निराळाच रक्तगट शोधला, बॉम्बे रक्तगट. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो, आणि त्याला दुसरा कुठलाच गट चालत नाही. पूर्वी अशा माणसाने काय केलं असेल? 2024 च्या मे महिन्यात इंदूरच्या एका रुग्णासाठी शिर्डीहून एक रक्तदाता मित्राच्या गाडीने चारशेहून जास्त किलोमीटर गेला. त्याला कळलं ते व्हॉट्सअॅपवर. फरक इतकाच की तो ग्रुप त्या रक्तदात्यांचाच होता. त्यात संत्र्याची साल नव्हती. रेक्टरची वहीच म्हणायची ती, फक्त हॉस्टेल दोन-तीन राज्यांएवढं.

मे महिन्यात मी रक्तपेढीत गेले. कुणाचा मेसेज नव्हता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव? म्हटलं, पेशंट नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मवर दुसऱ्या चौकटीत खूण केली. हिमोग्लोबिन बारा पॉइंट आठ, काठावर पास. एसीचा गारवा, स्पिरिटचा थंड स्पर्श, आणि मग ती जाड सुई, जिच्याकडे मी अजूनही बघत नाही. पलीकडच्या खाटेवर एक डिलिव्हरीवाला मुलगा होता, छातीवर फोन ठेवून, ऑर्डर आली तर कळावी म्हणून. संपल्यावर मुलीने स्वतःहून विचारलं, "मॅडम, फोटो काढू? सगळे काढतात." नको म्हणणार होते. चेंडू हातात होताच. काढ म्हटलं.

तो फोटो मी स्टेटसला ठेवला. रिक्षात बसून, दंडाला पट्टी असताना, ज्या लोकांना मी इतकी नावं ठेवते त्यांच्यासारखाच. खाली लिहिलं की मे महिन्यात पेढ्यांमध्ये रक्त कमी असतं आणि पेशंट नसला तरी घेतात. आईने हात जोडले. आत्यांनी 'ग्रेट' लिहिलं. त्या उमेदवाराच्या ग्रुपमधल्या गवळ्याने अंगठा दाखवला, त्याला माझं स्टेटस दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री भाच्याचा मेसेज आला. तेवीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, एरवी माझ्याशी वाढदिवसालाच बोलतो. "मावशी, माझापण निगेटिव्हच आहे. पण टॅटू काढलाय, चालतं का?" मैत्रिणीला विचारून त्याला कळवलं की टॅटूनंतर वर्षभर थांबावं लागतं. कधी काढलास? "मार्चमध्ये." मग पुढच्या मार्चनंतर. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. "शिट. बरं, कॅलेंडरला टाकलं. एप्रिलमध्ये तू येशील का सोबत? मला सुईची भीती वाटते."

येते म्हटलं. पण चार महिन्यांच्या आत बायकांना पुन्हा देता येत नाही, तेव्हा मलाही डिसेंबरनंतर मधे देऊन चालणार नाही, हिशोब करावा लागेल. त्याला तेही लिहिलं. त्यावर त्याने नुसता अंगठा पाठवला.